दोन विहिणी आणि एक डॅक

३ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

फोन सोडून पत्र का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. फोनवर तुम्ही विषय बदलता, असा तुमच्या लेकीचा आणि माझ्या मुलाचा अनुभव आहे. पत्रात ती सोय नसते. म्हणून मुलाची आई या नात्याने त्यांनी मला वकील नेमलं आहे.

मुद्दा असा. तुम्ही त्या घड्याळवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांत एकट्या राहता. जिना अरुंद आहे, पायऱ्या झिजल्या आहेत. इथे मागची खोली मोठी आहे. परवा मुलाने टेप घेऊन मोजलं, माझ्या कॉटशेजारी तुमची कॉट आरामात बसते आणि मध्ये स्टूलही राहतं. तुमच्या खोल्यांना गिऱ्हाईकही तयार आहे. दोन वर्षांपूर्वी मीही माझं घर विकून इथे आले आणि छान चाललं आहे. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, कशाची ददात नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही गाणी ऐकायला कसलंसं यंत्र आणल्याचं कळलं. त्यावरून घरात बरंच बोलणं झालं. मुलाचं म्हणणं, या वयात वायरींचा पसारा कशाला, टीव्हीवर सगळी गाणी लागतात. माझी उभी नोकरी नभोवाणी केंद्रात ध्वनिमुद्रणावर गेली, त्यामुळे कसलं यंत्र हे विचारल्याशिवाय राहवत नाही. पण ते महत्त्वाचं नाही. कॉटचं काय ते कळवा.

तुमची,
मुलाकडची विहीण


११ मार्च

मुलाकडच्या विहीणबाईंना मुलीकडच्या विहिणीचा नमस्कार.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी तुमच्या पत्राने माझी गत केली. इथे त्या यंत्रानेच नाकी नऊ आणलेत, त्यात तुमची कॉट. तेव्हा कॉटचं आधी सांगून टाकते. येणार नाही. खोल्या माझ्या नावावर आहेत, जिना माझ्या गुडघ्यांच्या ओळखीचा आहे, आणि गिऱ्हाइकाला सांगा, घड्याळवाल्याकडून एखादं घड्याळ घे आणि जा.

आता यंत्राचं. तुम्ही नोकरीत आवाज जपले, मी नोकरीत आवाज सोसले. छापखान्याच्या बांधणी खात्यात घड्या घालणारं यंत्र उजवीकडे, कागद कापणारं डावीकडे, आणि मध्ये मी पुस्तकांच्या पाठी शिवत बसलेली. आम्ही बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायचो. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता जे ऐकायचं ते माझ्या मर्जीने आणि नीट. टीव्हीवर गाणी लागतात हे मलाही ठाऊक आहे. ती लागतात, पण ऐकू येत नाहीत.

म्हणून जेवणाच्या डब्याएवढा एक अॅम्प्लिफायर आणला. त्याला एक बटण आणि एक दिवा. स्पीकर मात्र वरच्या शेजाऱ्यांनी घर सोडताना टाकून दिलेले, लाकडी, गुडघ्याएवढे. गाणी लेकीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपमधून. अडचण अशी की गाणं सुरू होण्याआधीच लांब कुठेतरी पाण्याची मोटर चालू असावी तशी घूं येते, आणि वर बारीक सूं. दुकानदार म्हणतो, डॅक घ्या. डॅक म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, घेतल्यावर कळेल. तुम्हाला घेण्याआधी कळत असेल तर कळवा. वकिलीत हरलात, निदान सल्ला तरी द्या.

तुमची,
मुलीकडची विहीण


१८ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा नकार घरात वाचून दाखवला. यंत्राचा भाग वाचला नाही. हे पत्रही दाखवणार नाही, तुम्हीही लेकीजवळ बोलू नका. वकिलाने दोन्ही पक्षांना सल्ला दिलेला बरा दिसत नाही.

लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा आवाज करण्याचं काम लॅपटॉपही करतो, पण त्याच्या पोटात इतकी गर्दी असते की गर्दीची कुजबुज गाण्यात मिसळते. डॅक ही तेवढंच काम करणारी वेगळी डबी, बाहेर शांत बसून. लॅपटॉपने आकडे द्यायचे, डॅकने त्यांचा आवाज करायचा, अॅम्पने तो मोठा करायचा. ज्याने त्याने आपलं काम करावं आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, एवढंच त्यातलं तत्त्व आहे. महागडा घेऊ नका, तुमच्या स्पीकरांना तो फरक दाखवता यायचा नाही.

डॅकला आवाजाचं बटण असेल तर ते पूर्ण ठेवा आणि कमीजास्त फक्त अॅम्पवर करा. दोन्ही अर्धवट ठेवलीत तर सूं परत येईल. ऐकताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, ती घूं बहुतेक तिथून येते.

आता नीट वाचा. डॅकला पाच व्होल्ट लागतात, अॅम्पला चोवीस. दोघांचे अडॅप्टर वेगळे, पण टोकाची गोल पिन पुष्कळदा सारखीच असते. अॅम्पची पिन डॅकमध्ये गेली तर डॅक तिथल्या तिथे मरतो. आमच्या केंद्रात एका इंजिनिअरने हे करून दाखवलं होतं. तेव्हा काहीतरी पक्की खूण करा.

माझा डॅक आहे अजून. घर विकलं तेव्हा स्पीकर आणि अॅम्प गेले, हा एवढा कपाटात स्वेटरखाली राहिला. वापर नाही. कधीतरी हेडफोन लावते, पण मग कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही आणि घर घाबरतं, म्हणून एक कान उघडा ठेवते. छान चाललं आहे.

तुमची,
मुलाकडची विहीण


२ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार आणि त्याखाली आणखी एक नमस्कार.

डॅक आला. काड्यापेटीचा मोठा भाऊ. सगळं तुम्ही सांगितलंत तसं जोडलं आणि घूं गेली, सूं गेली. इतकं शांत झालं की मला वाटलं बंदच पडलं. तेवढ्यात माझ्या आवडत्या गाण्यातल्या गाणारणीने श्वास घेतला. खरं सांगते, ती माझ्या पुस्तकांच्या फळीपाशी उभी होती. मी खुर्चीतून उठून पाहिलं, इतकी मी खुळी. आणि दुसऱ्या कडव्याआधी तिच्या मागे कोणीतरी पान उलटलं. सुटा कागद, जाड, कडक. कागदाच्या बाबतीत माझी चूक होत नाही. इतकी वर्षं ते गाणं ऐकतेय, तिथे कागद आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

खूण पक्की केली आहे. बांधणीचा मेण लावलेला दोरा घरात होताच. डॅकच्या अडॅप्टरला पिनेजवळ लाल, अॅम्पच्या अडॅप्टरला पांढरा, आणि मागच्या भोकांशेजारी तेच रंग चिकटवले. गाठ आमच्या खात्यातली आहे. पुस्तक फाटेल पण ती सुटायची नाही.

एक विचारते, राग मानू नका. छान चाललं आहे हे तुम्ही दोन पत्रांत दोनदा लिहिलंत. ज्याचं छान चाललेलं असतं तो ते लिहीत बसत नाही. तुम्ही एकदा इथे येऊन हा कागद ऐकून जा.

जावईबापू खोल्यांची मापं घ्यायला येणार आहेत. येऊ देत. चहा देईन, मापं देणार नाही.

तुमची,
मुलीकडची विहीण


२० एप्रिल

विहीणबाई,

मुलगा तुमच्याकडून परत आला. त्याने सांगितलं ते ऐकून मी जेवले नाही. डॅक जळाला, अॅम्पची पिन त्यात गेली, खोलीभर वास झाला. मी अख्खा परिच्छेद खर्चून तुम्हाला हेच सांगितलं होतं. तुम्ही गाठींच्या गमजा मारल्यात आणि शेवटी तेच केलंत. माझ्या शब्दाला इतकी वर्षं इंजिनिअर मान द्यायचे, तुम्ही मात्र हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत.

इथे काय चाललं आहे ते ऐका. आज डबी जळाली, उद्या गॅस, असं मुलगा म्हणतो. तुमची लेक ताटं उचलून आत गेली. गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात खोल्या बघायला येणार आहे. मुलगा मेलेला डॅक आणि त्याचा अडॅप्टर दुरुस्तीला म्हणून घेऊन आला आहे, पण मेलेल्याला कोण दुरुस्त करणार.

तुमची कॉट इकडे आणायला माणूस सांगितला आहे.

मुलाकडची विहीण


२६ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा राग पोचला. डॅक माझ्या घरात जळाला, म्हणजे तो माझ्या खात्यात मांडा, मी तक्रार करणार नाही.

पण डबी जळाली म्हणून घर विकायचं, हा हिशोब मला मान्य नाही. गॅस मी रोज पेटवते आणि रोज विझवते, त्यात जावईबापूंना काही कमी दिसलं असेल तर त्यांनी इथे चार दिवस राहून स्वयंपाक करून दाखवावा. गिऱ्हाईक आलं तर दार उघडणार नाही. कॉट न्यायला माणूस आला तर ती जिन्यातून खाली उतरणार नाही, कारण जिना अरुंद आहे, तुम्हीच म्हणालात.

अॅम्प चालू केला तर दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही. लॅपटॉपची वायर थेट लावून पाहिली, घूं परत आली. एकदा कागद ऐकल्यावर आता ती सोसवत नाही.

तुमची,
मुलीकडची विहीण


४ मे

विहीणबाईंना नमस्कार.

आधीचं माझं पत्र फाडून टाका. फाडलं असेल तर उत्तम.

मेलेला डॅक मुलाने दुरुस्तीला नेलाच नाही, जुन्या चार्जरांच्या खोक्यात टाकला. जुनी खोड म्हणून मी तो उघडायला घेतला. अडॅप्टरची वायर छान गुंडाळून तिला प्लॅस्टिकची पट्टी आवळलेली होती. माझा मुलगा लहानपणापासून दिसेल त्या वायरीला अशी पट्टी लावतो. पिनेजवळ त्या पट्टीखाली लाल दोऱ्याचं शेपूट अडकलेलं दिसलं, धान्याच्या दाण्याएवढं. दोरा सुटलेला नव्हता, कात्रीने कापलेला होता. डॅकच्या मागचा लाल ठिपकाही खरवडलेला. तुम्ही स्वतःची गाठ स्वतः कापाल, हे मला पटलं नाही.

जेवताना सगळ्यांसमोर विचारलं. आधी म्हणाला, दोरे गबाळे दिसत होते, म्हणून साफ केले आणि वायरी नीट लावल्या. मग म्हणाला, एवढीशी वस्तू, नवीन आणून देतो. मी म्हटलं, वस्तूचं सोड, दोष त्यांच्यावर का जाऊ दिलास. तेव्हा तो पाण्याचा पेला खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "आई, निदान त्या निमित्ताने त्या इकडे येतील."

तो वाईट नाही. त्याला खरंच काळजी वाटते. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

तुम्हाला एक सांगते. माझं घर विकलं त्याच्या आधी एकदा माझा नळ रात्रभर चालू राहून खालच्यांच्या छताला पाणी झिरपलं होतं. त्या आठवड्यात मुलगा माझ्याकडे राहायला होता. आई, तू नळ विसरलीस, असं तो म्हणाला आणि मी मानलं. मी कधी रेकॉर्डिंगचा लाल दिवा विसरले नाही, पण नळ विसरले असं मानलं, आणि त्यावर स्पीकर गेले, घर गेलं. तो नळ मीच विसरले असेन. पण आता मला खात्री नाही, आणि ही खात्री नसणं मला या मागच्या खोलीत बसू देत नाही. छान चाललेलं नाही. एका कानाने गाणं ऐकते आणि दुसऱ्याने हाक.

तुम्ही बोलला का नाहीत?

तुमची,
मुलाकडची विहीण


९ मे

विहीणबाईंना नमस्कार.

काय बोलणार. जावईबापूंनी दोरे कापले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेर आले तर वास. त्यांचा चेहरा असा पडला होता की मीच म्हटलं, असू दे, होतं असं. मग ते तुमच्या घरी जाऊन काय बोलले ते तुमच्या पत्रातून कळलं. आता मुलाला त्याच्या आईपुढे मी खोटं पाडायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय लेकीला त्याच घरात नांदायचं आहे. त्यांची आई दुसरी कोणी असती तर मी चांगलं ऐकवलं असतं. तुम्ही निघालात म्हणून गप्प बसले.

तुमच्या नळाचं मला काही सांगता येणार नाही. पण तुम्ही विसरलात असंच धरू. मीही परवा चावी दाराला तशीच ठेवून भाजी घेऊन आले. विसरली बाई म्हणजे संपली बाई, हा कायदा कोणी केला? माझे मालक तर उभ्या जन्मात नळ बंद करायला शिकले नाहीत, त्यांचं घर कोणी विकलं नाही.

आता कामाचं. माझ्याकडे अॅम्प आहे आणि त्याला द्यायला आवाज नाही. तुमच्याकडे डॅक आहे आणि त्याचा आवाज घ्यायला कोणी नाही. तो पोस्टाने पाठवा असं मी लिहिणार होते. मग विचार बदलला. पोस्टाचा भरवसा नाही, तुम्हीच घेऊन या. परत कधी जायचं ते मी विचारणार नाही. आतली खोली तुमची, दाराला आतून कडी आहे, भाडं द्यायचा आग्रह धरलात तर वाद होईल.

एक आधीच सांगून ठेवते. दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध एकच खुर्ची बसते आणि ती माझी आहे.

तुमची,
मुलीकडची विहीण


१३ मे

विहीणबाई,

पडत्या फळाची आज्ञा. मंगळवारी येते.

खुर्चीबद्दल समोरासमोर बोलू. तुमचे स्पीकर भिंतीला चिकटवलेले असणार, न पाहता सांगते. ते हातभर पुढे ओढले की खुर्ची आपोआप मागे सरकवावी लागेल, आणि ती नव्याने कोणी मांडायची हा प्रश्न खुला राहील.

मुलाकडची विहीण


१ जून

चिरंजीवास आणि सूनबाईस आशीर्वाद.

तुमचे सगळे निरोप मिळाले. फोनवर मी विषय बदलते असं तुम्ही म्हणाल, म्हणून लिहिते.

मी पळून आलेली नाही. भर दुपारी तुमच्या समोर बॅग भरली, तुम्ही ती चार दिवसांची समजलात. ती तेवढ्या दिवसांची नाही. मला इथे कोणी फूस लावलेली नाही, कोणाशी माझं भांडण नाही, आणि माझी तब्येत उत्तम आहे. दोन्ही कान उघडे ठेवून ऐकते. कोणी हाक मारली तर गाणं थांबवत नाही, हाक मारणारी स्वतःच येऊन शेजारी बसते.

नोकरीत मी एक काम फार सफाईने करायचे. गाण्यात कोणी खाकरलं, खुर्ची वाजली, पान उलटलं, की तेवढा तुकडा कापून टाकायचा. तुझ्या सासूबाईंनी मला तो कागद ऐकवला. असे किती कागद माझ्या हातून कापले गेले असतील, हे मनात येऊन मी त्या दिवशी तो कागद पुन्हा पुन्हा लावून ऐकला. आता मला कोणी साफसूफ करून कोपऱ्यात ठेवलेलं चालणार नाही. बाळा, तू प्रेमानेच करतोस, हे मला माहीत आहे. तरी चालणार नाही.

मागची खोली रिकामी झाली आहे. टेप तुझ्याजवळ आहेच, मोजून बघ तिथे काय बसतं ते.

आई

*

लेक आणि जावईबापू यांना आशीर्वाद. उरलेल्या जागेत मी लिहिते, कारण तुझ्या सासूबाईंनी निम्मा कागद घेतला आणि मधली खुर्चीही घेतली. एक दिवसाआड असं ठरलं आहे, पण त्या दिवस मोजण्यात लबाडी करतात.

गिऱ्हाईक येऊन गेलं. आम्ही दोघींनी दार उघडलं, त्याला बसवून एक गाणं ऐकवलं आणि चहा पाजून पाठवलं. तो आता त्याच्या बायकोला घेऊन येणार आहे, गाणं ऐकायला.

जावईबापू, डॅकचं मनावर घेऊ नका. झालं ते झालं. या कधीही, मधल्या खुर्चीवर बसवू, जेवूही घालू. फक्त यंत्राच्या मागे हात घालायचा नाही.

आणि लेकी, तुझ्या सासूबाई आल्या तेव्हा डॅक घेऊन आल्या, पण अडॅप्टर आणायला विसरले म्हणून डोक्याला हात लावून बसल्या. मग बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात तो सापडला. त्यांनी ठेवलेला नव्हता. त्याला पिनेजवळ लाल दोरा बांधलेला होता. त्या म्हणाल्या, हे कोणी केलं. मी गाठ हातात घेऊन पाहिली. तुझी फ्रॉक घालायची उमर होती तेव्हा छापखान्यात माझ्या मांडीवर बसून तू ती शिकलीस, आणि शेवटचा फेरा तू तेव्हापासून उलटा घेतेस.

उलटाच राहू दे. घट्ट बसली आहे.

आई